कुबडीचा बूट आणि दीडशे देश

१८ फेब्रुवारी

भाऊजी,

आशीर्वाद लिहू की भांडण, ह्या विचारात दोन कागद फुकट गेले. तेव्हा दोन्ही घ्या.

तुम्ही जाऊन दोन महिने झाले. जानेवारीत एक चिठ्ठी आली, तिच्यात पत्ता आणि 'पोचलो' एवढा एक शब्द. पोचलो! अहो, माणूस कोपऱ्यावरून भाजी घेऊन आला तरी चार शब्द जास्त बोलतो. फोन लावावा तर ती यंत्रातली बाई म्हणते, हा नंबर वापरात नाही. दहा वेळा ऐकून घेतलं तिचं, आता तीच मला जावेसारखी वाटायला लागली आहे. म्हणून हे पत्र.

तुमचे दादा मजेत आहेत. म्हणजे जेवतात, झोपतात आणि माझ्यावर ओरडतात. तुमचं नाव काढत नाहीत. मी काढलं तर उठून खाली वर्कशॉपमध्ये जातात आणि चांगला चालणारा साचा खोलून पुसत बसतात. साचा इतका चकचकीत झालाय की त्यात बघून भांग पाडावा. तुमच्या टेबलावर मी पॅकिंगचे खोके ठेवू देत नाही. जागा अपुरी पडते, पण राहू दे म्हटलं.

ती चौकट अजून भिंतीवर आहे. रोज सकाळी रबराचा प्रेस तापेपर्यंत हे तिच्यावर फडकं मारतात. खरं सांगते, तो कागद आला तेव्हा मीही हरखले होते. वर केवढी मोठी संस्था, तिची खूण, तिच्याखाली आपला नंबर, आपल्या घराचा पत्ता, तुम्हा दोघा भावांची नावं. मध्ये तुम्ही काढलेलं, कुबडीच्या टोकाला बसतो त्या रबरी बुटाचं चित्र. आणि त्या सगळ्यावर देशांची दोन-दोन अक्षरं, ओळीच्या ओळी. मी आणि ह्यांनी जेवणाच्या टेबलावर नकाशाचं पुस्तक उघडून एकेक देश शोधला होता. काही सापडले, काहींची नावं आम्ही जन्मात ऐकली नव्हती. हे म्हणाले, "बघ, जिथे आपण कधी पाय ठेवणार नाही तिथे आपला बूट टेकणार." आता असं म्हणणाऱ्या माणसाला काय सांगणार होते मी?

पण भाऊजी, तुम्ही सांगितलंत, आणि सांगितलंत ते व्यापारी मंडळाच्या हॉलमध्ये, सत्कार चालू असताना. समोरच्या रांगेतल्या त्या डॉक्टरांनी विचारलं, "पेटंट कुठल्या कुठल्या देशांत मिळालंय?" हे ऐटीत म्हणाले, "सगळ्या." आणि तुम्ही माइकपाशी उभे. "अजून एकाही नाही, हा फक्त अर्ज आहे." तुम्ही हळूच म्हणालात, पण माइक काय हळू बोलतो का? सगळा हॉल हसला. हातात फुलांचा गुच्छ धरून हे उभे, आणि त्यातली फुलं एकेक करून खुडताहेत, ते मी पाहिलं. तुम्ही पाहिलं नसावं.

घरी आल्यावर जे झालं ते तुमच्याही डोक्यात असेलच. तुम्ही म्हणत होता, चार देश निवडू आणि तिथल्या तिथल्या कचेरीत अर्ज आत घालू. हे म्हणाले, "दीडशे देश खिशात असताना चार? घेतलेली वस्तू परत चार दुकानांतून विकत घ्यायची?" तुम्ही म्हणालात, "दादा, वस्तू घेतलेली नाहीये. ही नुसती दुकानांची यादी आहे." मग हे बोलले ते बोलायला नको होतं. "ह्या वर्कशॉपमध्ये सही माझी चालते." तुम्ही म्हणालात, "मग सही सांभाळा," आणि वर जाऊन बॅग भरलीत. मी दारात उभी राहिले, तर बाजूने निघून गेलात. मला चांगलं आठवतं, माझ्या हातात कढई होती. ती घेऊनच मी रस्त्यापर्यंत आले होते.

कोण बरोबर ते मला कळत नाही. मी बूट मोजते, डबे भरते, बिलं करते. मला एवढंच कळतं की सख्खे भाऊ एका कागदापायी तुटले.

आता बातमी. मागच्या आठवड्यात मेडिकलवाल्याकडे कुबडीचे नवे बूट आले, एका मोठ्या कंपनीचे. आतला गोल सांधा आपलाच, तळ जमिनीला सपाट टेकतो तोही आपल्यासारखाच. मी घाबरून एक विकत आणला. तर हे चक्क खूश! "येऊ दे, येऊ दे. आता दाखवतो जागतिक पेटंट काय असतं ते." वकिलाची नोटीस द्यायची ठरली आहे. मजकूर हे सांगताहेत, टाइप मी करतेय.

एक ओळ लिहा. रागाची असली तरी चालेल.

तुमची वहिनी


९ जुलै

भाऊजी,

आधीचं पत्र मिळालंच असेल. उत्तर नाही. ठीक आहे, पीळ तुमच्या घराण्यातच आहे, सुंभ जळला तरी जायचा नाही. पण हे पत्र वाचा आणि ह्याला उत्तर द्याच. कारण ह्यात माझं काम नाही, तुमचं आहे.

त्या कंपनीचं उत्तर आलं. फार सभ्य. 'कृपया आपल्या पेटंटचा क्रमांक आणि तो कोणत्या देशाने दिला आहे ते कळवावे.' ह्यांनी चौकटीतला नंबर मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा ओढून पाठवला. पुन्हा उत्तर आलं, आता एकाच ओळीचं. 'हा अर्जाचा क्रमांक आहे.'

दोन दिवस हे जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी चौकट भिंतीवरून काढली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि म्हणाले, चल. आम्ही एका पेटंटवाल्या बाईंकडे गेलो. बाई तरुण आहेत, आपल्या धाकट्या मावशीच्या मुलीएवढ्या. तिसऱ्या मजल्यावर छोटंसं ऑफिस, खुर्च्या दोनच. ह्यांनी चौकट टेबलावर ठेवली तर बाईंचा चहा सरकून सांडला. त्यांनी आधी चौकट पुसली, मग टेबल. त्यामुळे ह्यांना त्या जरा बऱ्या वाटल्या.

बाई म्हणाल्या, "काका, जागतिक पेटंट नावाची गोष्टच नसते. हा आंतरराष्ट्रीय अर्ज आहे. एकाच अर्जाने तुम्ही एवढ्या सगळ्या देशांत रांगेत नंबर लावून ठेवलाय, बस. पेटंट ज्याचा त्याचा देश देतो, आपल्या हद्दीपुरतं, आणि तेही आपण तिथे जाऊन मागितलं तर."

हे म्हणाले, "पण ह्यांनी छापलंय की."

"छापतात सगळ्यांचंच. दीड वर्ष झालं की अर्ज जगजाहीर होतो. मंजूर झाला म्हणून नाही छापत."

"आणि अर्जाबरोबर आलेला हा अहवाल? जगभर शोधून पाहिलं, असा बूट आधी कुणी केलेला नाही, असं लिहिलंय ह्यात. म्हणजे पास झालो ना आम्ही?"

"ते त्यांचं मत आहे काका. चांगलं मत आहे, उपयोगी पडेल. पण निकाल नाही तो."

मग ह्यांनी बोट ठेवलं त्या देशांच्या अक्षरांवर. बाईंना कळलं. त्या हळूच म्हणाल्या, "ही दारं आहेत. आत जायचं की नाही ते आपण ठरवायचं, आणि ठरलेल्या तारखेच्या आत."

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! तुरी बाजारात होत्या आणि आमच्या घरात आठ महिने डाळ शिजत होती. जिना उतरताना हे मधल्या पायरीवर थांबले. मला वाटलं चक्कर आली. तर म्हणाले, "धाकटा हेच सांगत होता." एवढंच. पण भाऊजी, पंचवीस वर्षांच्या संसारात 'माझं चुकलं' ह्याच्या इतक्या जवळ हा माणूस कधी आलेला मी पाहिला नाही.

आता नीट ऐका. तारीख अजून गेलेली नाही. ऑक्टोबरपर्यंत आहे. बाई म्हणाल्या, आपल्या देशात आणि आणखी दोन ठिकाणी सहज घालू, कागद मी तयार करते. ह्यांनी सही करायला पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं. म्हणाले, "धाकट्याला विचारल्याशिवाय नाही." बाई म्हणाल्या, "त्यांची सही मागाहून घेतली तरी चालेल." तर हे, "सही नको हो. त्याचा हो पाहिजे. मागच्या वेळी त्याला न विचारता सहीचा तोरा मिरवला. आता परत तेच करू?"

बाईंनी मला विचारलं, "काकू, त्यांना कळवलंय ना?" मी म्हटलं, "पत्र पोचलंय त्यांना. परत आलं नाही म्हणजे पोचलंच."

तर भाऊजी, एवढं एक अक्षर लिहून पाठवा. हो. बाकी शिव्या मागाहून सवडीने पाठवा, मी जपून ठेवीन.

तुमची वहिनी


२१ सप्टेंबर

भाऊजी,

दोन पत्रं आणि मधली तीन कार्डं. तुमचं एकही नाही. दगडावर डोकं आपटलं तर निदान टेंगूळ तरी येतं.

रोज पोस्टमन गेला की हे विचारतात, "काही?" मी म्हणते, "येईल." आता विचारतही नाहीत, नुसतं माझ्या हाताकडे बघतात. बाईंचा दर आठवड्याला फोन येतो. कागद तयार आहेत. मी त्यांना म्हटलं, ह्यांची समजूत पटत नसेल तर मी करते सही, हवं तर मला तुरुंगात टाका. त्या हसल्या, म्हणाल्या, "अर्जदार काका आहेत, काकू, तुमची सही घेऊन मी काय करू?" पंचवीस वर्षं ह्या वर्कशॉपची बिलं मी करतेय आणि माझ्या सहीला तिथे काडीची किंमत नाही. असो.

मी ह्यांना म्हटलं, "अहो, घालून टाका अर्ज. भाऊजी काय नको म्हणणार आहेत का? त्यांनीच तर सांगितलं होतं." हे म्हणाले, "तेव्हा सांगितलं होतं. आता बोलत नाहीये. न बोलणाऱ्या माणसाच्या तोंडात आपण शब्द घालायचा का?" खरं सांगू? मला ते पटलं. मीच त्यांना म्हटलं, थांबू या, लिहितील भाऊजी, मी ओळखते त्यांना. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा तुम्ही शाळेत होता. माझ्यावर रुसून माळ्यावर जाऊन बसायचात आणि भूक लागली की आपणहून खाली यायचात. तसं होईल असं मी धरून चाललेय.

सासूबाईंची आठवण येते. ओल्या मोरीत त्यांची कुबडी सटकली आणि त्या पडल्या, तेव्हा तुम्ही त्यांच्या अंथरुणाशी बसून ती कुबडी उलटी धरून बघत होतात. मी चिडले होते. म्हटलं, आई कण्हतेय आणि हा काठी बघतोय! तिथून हा बूट निघाला. कुबडी तिरकी झाली तरी तळ सपाट राहील असा सांधा, आणि खालचं पाणी बाजूला काढणाऱ्या त्या तुमच्या वाकड्या खाचा. शेवटचं वर्ष त्या न पडता चालल्या. आणि ह्यांचं तेव्हाचं तुणतुणं आठवतं का? "टाच बघ रे, टाच! माणसाची टाच कडेला निबर आणि मध्ये मऊ असते. रबर तसं घे." तुम्ही हसायचात, "दादा, एका साच्यात दोन रबरं कशी ओतू?" हे म्हणायचे, "ते तू बघ, शिकलेला तू आहेस." दोघं हसत होता तेव्हा. प्रेसचा तो वास, त्यात तुमचं हसणं, आणि मी वरून ओरडायचे की जेवण गार होतंय.

अक्षर वेडंवाकडं आलंय, कारण मांडीवर कागद घेऊन लिहितेय. सध्या घरी कमी आणि बाहेर जास्त असते. कशासाठी ते विचारू नका. काही विशेष नाही.

बाई म्हणतात, काही देशांत एक महिना जास्त मिळतो. म्हणजे तेवढ्या दारांना नोव्हेंबरपर्यंत कडी नाही. हात जोडते भाऊजी. माझ्यासाठी नको, ह्यांच्यासाठीही नको. त्या बुटासाठी लिहा.

वहिनी


२८ नोव्हेंबर

भाऊजी,

झालं तुमच्या मनासारखं. ऑक्टोबर गेला, तो जास्तीचा महिनाही गेला. बाईंनी सगळं कसोशीने विचारून पाहिलं. चुकून तारीख गेली असेल तर काही कचेऱ्या ऐकून घेतात म्हणे. पण आपली चुकून गेली नव्हती. आपण घड्याळाकडे बघत बसलो होतो. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ना, आमचा तर झोपा तयार होता, नुसती कडी लावायची राहिली.

आता तो बूट कुणाचाही आहे. ज्याला करायचा त्याने करावा. चित्रासकट, मापासकट आपणच तो जगाला सांगून ठेवलाय.

तुम्हाला कळवणार नव्हते, पण आता लपवून काय करू? सप्टेंबरात हे वर्कशॉपमध्ये तेलावरून घसरले. मांडीचं हाड मोडलं. मागचं पत्र मी दवाखान्यात त्यांच्या खाटेशेजारी बसून लिहिलं होतं. तुम्हाला काळजी वाटून नाही, तर स्वतःच्या मनाने लिहावंसं वाटावं म्हणून सांगितलं नाही. मला दयेचा हो नको होता. केवढी शहाणी मी!

दवाखान्यातून जाताना त्यांना कुबड्या दिल्या. खाली बूट कुठला असेल सांगा. त्या कंपनीचा. ह्यांनी खाटेवर बसून कुबडी उलटी केली, अगदी तुम्ही करायचात तशी, आणि चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता फेकतात खिडकीबाहेर. तर म्हणाले, "सांधा बरोबर बसवलाय चोरांनी. पण खाचा सरळ केल्यात. धाकट्याने वाकड्या का केल्या होत्या ते ह्यांना कळलेलं नाही." मग ती कुबडी टेकवत टेकवत बाहेरच्या ओल्या फरशीवरून चालले. पडले नाहीत. गाडीत बसल्यावर रडले. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण मी बघितलेलं त्यांना आवडलं नसतं.

बाईंकडून आणून परत टांगलेली चौकट घरी आल्यावर पहिलं काम म्हणून उतरवली. भिंतीवर पांढरा चौकोन राहिलाय. मी कॅलेंडर लावते म्हटलं, तर नको म्हणाले. फेकली मात्र नाही, कपाटात ठेवलीये.

मी तुमच्यावर फार रागावले आहे. भावावरचा राग समजते मी, पण मी काय केलं होतं तुमचं? एवढ्या विनवण्यांना एक अक्षर नाही. आता लिहू नका. मीही लिहिणार नाही.

तुमच्या आवडीचं लोणचं बरणीभर घातलंय. कुणाला देणार नाहीये. खराब होईल तेव्हा टाकून देईन.

वहिनी


६ नोव्हेंबर

भाऊजी,

लिहिणार नाही म्हटलं होतं, आणि वर्षभर नाही लिहिलं. आता लिहितेय, आणि ह्या पाकिटात तुम्हाला पाच पाकिटं सापडतील. दोन घरून लिहिलेली, एक दवाखान्यातून, एक रागाचं, आणि एकात तीन कार्डं. पत्रांची चारही पाकिटं बंद होती. मीच उघडली, ह्यांना वाचायला.

गेल्या महिन्यात तुमच्या त्या पहिल्या पत्त्यावरून एक पार्सल आलं. घरमालकीण बाईंचं. त्यांनी लिहिलंय की तुमचा माणूस जानेवारी संपायच्या आतच खोली सोडून गेला, पत्ता ठेवून गेला नाही. परत येऊन पत्रं घेऊन जाईल असं वाटलं म्हणून त्या खणात टाकत गेल्या. आता घर विकताहेत, खण रिकामा केला, तर ही निघाली.

माझं पहिलं पत्र फेब्रुवारीचं. म्हणजे मी पेन उचललं त्याच्या आधीच तुम्ही तिथून गेलेले होता.

भाऊजी, मी पार्सल घेऊन जिन्यातच बसले. ह्यांना मी काय काय बोलले होते! अर्जाला पेटंट समजून बसलात, बाजारातल्या तुरी शिजवल्यात. आणि मी? पेटीत टाकलेल्या पत्राला पोचलेलं समजून बसले. बाईंनी सरळ विचारलं होतं, कळवलंय ना? आणि मी छातीठोकपणे सांगितलं, पोचलंय. माझ्या त्या एका शब्दावर हे थांबले. तुम्ही बिचारे कुठल्या तरी गावात काम शोधत फिरत होता, आणि मी इथे तुम्हाला दगड म्हणत होते. मला माफ करा. असं लिहून पुरत नाही हे मला माहीत आहे, पण आणखी कसं लिहायचं ते येत नाही.

ह्यांना सांगायला दोन दिवस लागले मला. ओरडतील म्हणून नाही, ओरडणार नाहीत म्हणून. आणि नाहीच ओरडले. खिडकीशी खुर्ची घेतली आणि सगळी पत्रं एकापाठोपाठ वाचली, लोणच्यापर्यंत. मग म्हणाले, "दोघंही सारखेच आपण." आणि चहा त्यांनी केला. साखर विसरले, पण केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हे कपडे करून तयार. काठी टेकत निघाले. म्हटलं कुठे? "बाईंकडे." आता काय उरलंय तिथे? तर कपाटातून ती जुनी चौकट काढली आणि बोट ठेवलं. "हे बघ. दोघांच्या नावाखाली आपल्या घराचा पत्ता छापलाय. रोज पुसत होतो मी. अर्जावर संशोधकाचा पत्ता असतो." मी म्हटलं, मग? म्हणाले, "धाकटा हात बांधून बसणाऱ्यांतला आहे का? काहीतरी केलंच असेल त्यानं. आणि केलं असेल तर त्याला माहीत आहे, अर्ज कसा करतात ते."

असं डोकं चालवता येत होतं तर आधी का नाही चालवलंत, हे माझ्या ओठावर आलं होतं. गिळलं. मीही पायात चपला घातल्या.

बाईंनी संगणकावर तुमचं नाव घातलं. एकच निकाल आला. दोन महिन्यांपूर्वी जगजाहीर झालेला अर्ज. कुबडीचा बूट. थंड हवेत कडक न पडणारा, एकाच साच्यात दोन रबरं, कडेला निबर आणि मध्ये मऊ. चित्र बघितलं आणि मला हुंदका आला, कारण ती टाच होती, भाऊजी. शब्दशः टाच. जुनं जे गेलं ते गेलं, बाई म्हणाल्या, पण ही सुधारणा नवी आहे, वेगळी आहे, हिचा हक्क मागता येईल. आणि अर्जदार म्हणून तुम्ही एकटे. पण खाली, संशोधक म्हणून नावं दोन.

पहिलं ह्यांचं. दुसरं तुमचं.

तुम्ही आमच्याशी बोलत नव्हता, भांडून गेला होता, आम्हाला तुमचा पत्ता माहीत नव्हता, आणि तिकडे बसून तुम्ही एवढ्या मोठ्या संस्थेला लिहून दिलंत की ही टाच दादाची आहे. ह्यांच्या नावाखाली आपल्या घराचा पत्ता, पिनकोडसकट बरोबर. आणि तुमच्या नावाखाली तुमचा.

हे खुर्ची पुढे ओढून पडद्यावर बोट ठेवत पत्ता वाचायला लागले. बाईंनी पाणी दिलं, ते तसंच राहिलं. मला वाटलं आता म्हणतील, छापून द्या, चौकट करतो. तर बाईंना विचारलं, "हा अर्ज आहे की पेटंट?"

बाई म्हणाल्या, "अर्ज आहे काका. नुसता अर्ज."

"म्हणजे अजून काहीच झालेलं नाही?"

"काहीच नाही."

हे हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा. "मग वेळ आहे," म्हणाले.

हे पाकीट साध्या टपालाने टाकत नाहीये. पोचपावती मागितली आहे, तुमच्या सहीची. ती हातात पडेपर्यंत मी कुणालाही सांगणार नाही की तुम्हाला पत्र पोचलं. बरणी अजून भरलेली आहे, वरचा थर काढून टाकला तर खालचं लोणचं उत्तम आहे. जागा सोडली आहे, खाली ह्यांना दोन ओळी लिहायच्यात. मी वाचलेल्या नाहीत असं समजा.

तुमची वहिनी

धाकट्या, ह्याची तारीख कधी आहे ते कळव. कुठल्या देशांत जायचं ते तू ठरव. सही लागेल तिथे मी येतो, काठी टेकत का होईना. आणि खाचा वाकड्याच ठेव.
— दादा